पुलापलीकडचं येरवडा

आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण आई त्याच्याकडे क्वचितच बघायची. तुरुंगाचे टोल ऐकून ती चूल पेटवायची, टोल ऐकूनच आम्हाला शाळेसाठी उठवायची. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, येरवड्याच्या तुरुंगात शिपाई होते. तुरुंगाच्या मोठ्या भिंतीबाहेर कर्मचाऱ्यांच्या बैठ्या खोल्यांच्या रांगा होत्या, त्यातली एक आमची. दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे तुळस, आणि तुळशीच्या मागे आभाळाला टेकलेली ती काळ्या दगडाची भिंत. माझं सगळं बालपण त्या भिंतीच्या सावलीत गेलं आणि मला तिची कधी भीती वाटली नाही.

भीती दुसऱ्यांना वाटायची. पाचवीत मला पुण्यात, नदीच्या अलीकडच्या एका शाळेत घातलं. पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, कुठे राहतेस? मी म्हटलं, येरवड्याला. सगळा वर्ग हसला, आणि बाईही हसल्या. मराठीत कुणाला ‘येरवड्याला पाठवायला पाहिजे’ म्हटलं की त्याचे दोनच अर्थ होतात, एक तुरुंग आणि दुसरा वेड्यांचं इस्पितळ. त्या दिवशी मी रडत घरी आले. अण्णा म्हणाले, ‘‘तुझ्या बाईंना विचार, टिळक कुठे शिकले आणि कुठे कैदेत होते. दोन्हीचं उत्तर येरवडाच आहे.’’

बाईंना विचारायचं धाडस मला झालं नाही. पण पुढे मी इतिहासाचीच शिक्षिका झाले, एकतीस वर्षं शिकवलं, आणि अण्णांचं ते वाक्य दरवर्षी वर्गात सांगितलं.

पुण्याहून येरवड्याला यायचं तर मुळा-मुठा ओलांडावी लागते. आमच्या लहानपणी त्यासाठी बंडगार्डनचा जुना पूल होता. त्याचं खरं नाव फिट्झगेराल्ड पूल. सेमूर फिट्झगेराल्ड १८६७ ते १८७२ या काळात मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता, त्याच्या काळात हा दगडी कमानींचा पूल झाला. टोकांना दगडी सिंह बसलेले. बस पुलावर आली की मी सिंह बघायला खिडकीशी सरकायची. पुलाजवळचा बंधारा त्याहून जुना, सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून बांधलेला. या बंधाऱ्यामुळेच शेजारच्या बागेला बंडगार्डन नाव पडलं. जीजीभाईंचं नाव पुढे पुन्हा येईल, कारण येरवड्याच्या इतिहासात या एका पारशी व्यापाऱ्याचा पैसा फार खोलवर मुरलेला आहे.

पूल झाला आणि शहराला पलीकडचा माळ हाताशी आला. मग शहराने तिथे काय काय नेलं ते पाहा. १८६८ मध्ये कॉलेज, १८७१ मध्ये तुरुंग, १८९२ मध्ये एका धर्मगुरूचा महाल, आणि विसाव्या शतकात मनोरुग्णालय. विद्यार्थ्यांना गावच्या गजबजाटापासून दूर ठेवायचं म्हणून नदीपलीकडे, कैद्यांना आणि रुग्णांना लोकांच्या नजरेपासून दूर ठेवायचं म्हणूनही नदीपलीकडे. पण दूर ठेवलेल्या या जागांतच महाराष्ट्राचा आणि देशाचा केवढा मोठा इतिहास घडला! इथल्या वास्तू एकेक सुट्या बघायच्या नसतात. पायी हिंडून, एकीतून दुसरीत चालत जाऊन बघायच्या असतात, कारण माणसंही तशीच एकीतून दुसरीत गेली.

डेक्कन कॉलेजपासून सुरुवात करू. या संस्थेचं मूळ १८२१ साली विश्रामबाग वाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेत आहे. पेशवाई बुडून तीनच वर्षं झाली होती. पुढे त्या पाठशाळेचं पूना कॉलेज झालं आणि १८६४ मध्ये येरवड्याच्या माळावर नव्या इमारतीची कोनशिला बसली. जीजीभाईंनी एक लाख रुपये दिले होते. नकाशा लष्करी इंजिनिअर हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स याचा. टोकदार कमानी, लांबच लांब व्हरांडे, उतरती छपरं, काळसर दगड. चार वर्षांनी कॉलेज इथे आलं आणि त्याचं नाव डेक्कन कॉलेज झालं.

टिळक इथेच शिकले, १८७६ मध्ये पदवीधर झाले आणि १८७९ मध्ये वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले. गणित शिकवायला केरूनाना छत्रे होते. प्राचार्य होते विल्यम वर्ड्सवर्थ, इंग्रज कवी वर्ड्सवर्थ यांचे नातू. वकिलीच्या अभ्यासासाठी टिळक राहिले होते तेव्हा आगरकरही तिथेच होते. दोघं रात्ररात्र बोलत, भांडत, आसपासच्या टेकड्यांवर हिंडत. सरकारी नोकरी करायची नाही, शिक्षणाला वाहून घ्यायचं, हा निश्चय त्या बोलण्यांतून झाला. जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. पुढच्याच वर्षी केसरी आणि मराठा ही वृत्तपत्रं निघाली. टिळकांची खोली कॉलेजने जपून ठेवली आहे. मी मुलांना तिथे नेलं की त्यांना खिडकीशी उभं करायची आणि सांगायची, इथून तुरुंग पायी जाण्याच्या अंतरावर आहे. टिळक विद्यार्थी असताना तो तुरुंग अगदी नवा होता.

रा. गो. भांडारकर इथे संस्कृतचे प्राध्यापक होते आणि इतिहासाचार्य राजवाडेही इथलेच विद्यार्थी. एवढी पुण्याई असलेलं हे कॉलेज सरकारने १९३४ मध्ये बंद केलं. मला या कॉलेजच्या इतिहासातला सर्वांत मोठा प्रसंग हाच वाटतो. टिळकांच्या खोलीपेक्षाही मोठा. कारण त्यानंतर माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत, कोर्टात गेले. जीजीभाईंनी दिलेली देणगी शिक्षणासाठी होती, ती सरकारला अशी गुंडाळून ठेवता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. १७ ऑगस्ट १९३९ रोजी कॉलेज पुन्हा उघडलं, आता संशोधन संस्था म्हणून. आपली शाळा वाचवण्यासाठी प्रौढ माणसं सरकारशी भांडतात आणि जिंकतात, हे आजच्या मुलांनी ऐकलंच पाहिजे.

पुन्हा उघडलेल्या त्या संस्थेत ह. धी. सांकलिया आले, इरावती कर्वे आल्या, सु. मं. कत्रे आले. नेवाशाची आणि जोर्व्याची उत्खननं इथल्या माणसांनी केली, आणि १९६८ पासून इनामगावची. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा महाराष्ट्रातला शेतकरी काय पिकवत होता, आपल्या मेलेल्या लेकराला घरातच कसा पुरत होता, हे आपल्याला त्यांच्यामुळे कळलं. संस्कृतच्या महाकोशाचं काम १९४८ मध्ये हाती घेतलं, पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, आणि काम अजून चालूच आहे. सुमारे दीड हजार ग्रंथांतून वेचलेले शब्द कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून लोखंडी कपाटांत ठेवले आहेत. ती खोली मी एकदाच पाहिली. एका कपाटाचा खण ओढून दाखवणाऱ्या बाईंचा हात इतका हलका होता, जणू तान्ह्याला उचलत होत्या.

आता तुरुंग. आत काय असतं, हे अण्णा घरी बोलत नसत. पण त्यांचे शब्द घरात आले होते. आई आम्हाला रात्री एका ओळीत झोपवताना ‘गिनती’ करायची. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला चालू आहे तो, पक्का म्हणजे शिक्षा झालेला, हे मला पाढ्यांच्याही आधी ठाऊक होतं. बराक, सर्कल, यार्ड, मुलाखत, पहारा, हे आमचे रोजचे शब्द. शाळेत एकदा सरकारी छापील कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘येरवडा कारागृह मुद्रणालय’ असं मी वाचलं आणि शेजारच्या मैत्रिणीला अभिमानाने दाखवलं. आमच्या भिंतीच्या आतल्या माणसांनी छापलेला कागद पुण्याच्या शाळेत आला होता! कैदी छपाई करत, विणकाम करत, शेती करत. इथले गालिचे एकेकाळी परदेशात जात.

या तुरुंगाच्या इतिहासात माझ्यासाठी सर्वांत जड साल १८९८ आहे. आदल्या वर्षी प्लेगच्या बंदोबस्तात लष्कराने पुण्यात घरात घुसून झडत्या घेतल्या, लोक चिडले, आणि २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर, प्लेगच्या बंदोबस्ताचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. केसरीतल्या लेखनाबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि दीड वर्षाची शिक्षा लागली. डोंगरी, भायखळा आणि मग येरवडा. जिथे वकिलीचा अभ्यास केला त्या माळावर ते कैदी म्हणून परतले. मॅक्सम्युलरने पाठवलेला ऋग्वेद त्यांनी इथल्या कोठडीत वाचला.

त्याच वेळी रँडच्या हत्येबद्दल शिक्षा झालेले दामोदर हरी चापेकर फाशीची वाट बघत याच तुरुंगात होते. टिळकांनी त्यांचा दयेचा अर्ज लिहून दिला आणि आपली गीता दिली. १८ एप्रिल १८९८ रोजी दामोदर चापेकर ती गीता हातात घेऊन फासावर गेले. पुढच्या वर्षी मे महिन्यात पाच दिवसांच्या आत वासुदेव चापेकर, महादेव रानडे आणि बाळकृष्ण चापेकर, ८, १० आणि १२ तारखेला. तिघे चापेकर एका आईचे मुलगे. आमच्या तुळशीपासून ती जागा किती जवळ होती, हे मला मोठेपणी कळलं, आणि त्या रात्री मला झोप आली नाही. आईला मी विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, ‘‘मे महिन्यात मी त्या दिशेला दिवा दाखवायची. तू बघितलं नाहीस कधी.’’

गांधीजी इथे अनेकदा आले. पहिल्यांदा १९२२ मध्ये, सहा वर्षांची शिक्षा घेऊन. दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाचा इतिहास त्यांनी इथेच लिहायला घेतला. १९२३ च्या अखेरीस सावरकरही याच तुरुंगात होते, जानेवारी १९२४ मध्ये ते सुटले. त्याच महिन्यात, १२ तारखेच्या रात्री, गांधीजींना आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेसाठी नदी ओलांडून ससून रुग्णालयात नेलं. कर्नल मॅडॉक शस्त्रक्रिया करत असताना वादळात वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात झालं. १९३० मध्ये ते पुन्हा आले. पेटीत मावणारा चरखा, ज्याला अजून ‘येरवडा चरखा’ म्हणतात, तो त्यांच्या इथल्या मुक्कामातला. आश्रमातल्या लोकांना लिहिलेल्या पत्रांत ते या तुरुंगाला मंदिर म्हणत. ‘येरवडा मंदिर’ हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझं पाचवीतलं रडू थांबलं, असं म्हणेन.

पण या भिंतीच्या आत घडलेली सर्वांत मोठी गोष्ट १९३२ ची. ब्रिटिश पंतप्रधान मॅक्डोनाल्ड यांच्या जातीय निवाड्याने दलितांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. गांधीजींनी त्याविरुद्ध २० सप्टेंबरला उपोषण सुरू केलं. आंब्याच्या झाडाखाली लोखंडी खाट टाकली होती, तिथेच लोक येऊन बोलत. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले. मालवीय, सप्रू, जयकर, राजगोपालाचारी आले. २४ सप्टेंबरला करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, त्यांच्या जागी राखीव जागा आल्या, ७१ च्या १४८ झाल्या. २६ तारखेला रवींद्रनाथ टागोरांच्या समोर गांधीजींनी कस्तुरबांच्या हातून रस घेतला.

हा करार शिकवताना पुस्तकातली चार वाक्यं वाचून मी कधीच पुढे गेले नाही. त्या झाडाखाली दोन माणसं समोरासमोर होती. एकाचा प्राण पणाला लागला होता, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर त्या प्राणाचं ओझं टाकलं होतं. आपल्या माणसांसाठी मिळालेला हक्क बाबासाहेबांना कुठल्या दडपणाखाली सोडावा लागला, हे त्यांनी पुढे स्वतः कडवटपणे लिहिलं आहे. माझ्या वर्गात येरवड्याच्या वस्त्यांमधली मुलं असत, त्यांच्या घरी बाबासाहेबांचा फोटो असे. त्या मुलांना मी हेही सांगायची की त्या खाटेची गोष्ट जितकी सांगतात तितकी समोर बसलेल्या त्या बॅरिस्टराची सांगत नाहीत. तुम्ही सांगा. २६ जानेवारी २०२१ पासून सरकारने हा तुरुंग बघायला खुला केला. गांधी यार्ड आणि टिळक यार्ड आता मुलांना दाखवता येतात. अण्णा तोवर गेले होते.

पुलावरून येरवड्यात उतरलं की टेकडीवर तारकेश्वराचं देऊळ आहे, आणि खालच्या चौकाचं नाव पर्णकुटी चौक. रिक्षावाले दिवसातून शंभरदा हे नाव घेतात. ही पर्णकुटी म्हणजे लेडी प्रेमलीला ठाकरसी यांचा बंगला. ८ मे १९३३ रोजी गांधीजींनी तुरुंगात एकवीस दिवसांचं उपोषण सुरू केलं, सरकारने त्याच संध्याकाळी त्यांना सोडलं, आणि ते उपोषण इथे पार पडलं. पुढच्याच महिन्यात त्यांचा मुलगा देवदास आणि राजगोपालाचारींची मुलगी लक्ष्मी यांचं लग्न याच घरी लागलं. गुजराती मुलगा आणि तमिळ ब्राह्मण मुलगी, १९३३ मध्ये, येरवड्यात.

आता नगर रस्त्याने सरळ चालत गेलं की आगाखान महाल, मघाशी म्हटलेला धर्मगुरूचा महाल, लागतो. दुष्काळाने गांजलेल्या लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून तो बांधला. पाच वर्षं लागली, हजार माणसं राबली, बारा लाख रुपये खर्च झाले, असं तिथे सांगतात. ज्या तिसऱ्या आगाखानांच्या नावावर तो आहे त्यांचा जन्म १८७७ चा, म्हणजे १८९२ मध्ये महाल उभा राहिला तेव्हा ते जेमतेम पंधरा वर्षांचे होते. मी तिथे गेले की आधी कमानींकडे बघते. त्या कोरणाऱ्या पाथरवटांची, डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बायकांची नावं कुठेही नाहीत. ती कुणाच्या गावची होती, पोट भरल्यावर परत गेली की इथल्याच वस्त्यांत राहिली, हे विचारायला आता कुणी उरलं नाही. तरी मी दरवेळी मुलांना तो प्रश्न विचारायला लावायची.

९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे गांधीजींना मुंबईत अटक झाली आणि या महालात आणलं. सरोजिनी नायडू, मीराबेन, गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई, आणि मागून कस्तुरबा, प्यारेलाल, सुशीला नय्यर. महालाभोवती काटेरी तारा आल्या. सहा दिवसांनी, १५ ऑगस्टला, महादेवभाई गेले. पन्नास वर्षांचं वय. महालाच्या आवारातच दहन झालं. गांधीजी रोज सकाळ-संध्याकाळ त्या जागी फुलं घेऊन जात. पुढच्या फेब्रुवारीत याच महालात त्यांचं एकवीस दिवसांचं उपोषण झालं. एवढ्या मोठ्या जागेत आपल्याला ठेवणं ही जनतेच्या पैशाची नासाडी आहे, आपल्याला साध्या तुरुंगातही चालेल, असं त्यांनी सरकारला कळवलं होतं.

१९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, चौथ्या आगाखानांनी हा महाल देशाला दिला. २००३ पासून तो राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक आहे. ते कागदावरच राहिलं नाही याचा मला आनंद आहे. नगर रस्त्यावरून मेट्रो न्यायची ठरली तेव्हा संरक्षित स्मारकाच्या शंभर मीटरच्या आत बांधकाम करता येत नाही हा कायदा आडवा आला, आणि मेट्रोचा मार्ग बदलून कल्याणीनगरमधून नेला. गाडी त्या वळणावर कलते तेव्हा बाजूच्या माणसांना मी सांगते, हे वळण का आहे माहितीये? बहुतेकांना माहीत नसतं. मग मी सांगते.

कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला गेल्या. त्या दिवशी महाशिवरात्र होती. गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी त्यांना नेसवली होती. महादेवभाईंच्या शेजारीच त्यांचं दहन झालं आणि तिथेच त्यांची समाधी आहे. अडीच महिन्यांनी, ६ मे १९४४ ला, गांधीजी सुटले. निघण्याआधी ते त्या दोन समाध्यांपाशी गेले आणि मग महालाबाहेर पडून पर्णकुटीला गेले.

महाल लोकांना खुला झाल्यावर आईने एक नेम धरला. महाशिवरात्रीला सकाळी तारकेश्वराला जायचं आणि येताना हातात राखलेलं बेलाचं एक पान कस्तुरबांच्या समाधीवर ठेवायचं. कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिनेच ठरवलं. निवृत्तीनंतर एका वर्षी अण्णाही आमच्याबरोबर आले. आईने पान ठेवलं, नमस्कार केला. अण्णा बराच वेळ उभेच राहिले. मग म्हणाले, ‘‘प्रत्येक कैद्याची नोंद असते. आत आल्याची तारीख, सुटल्याची तारीख, का सोडलं ते. हिच्या नावापुढे सुटकेच्या रकान्यात काय लिहिलं असेल गं?’’

आईने काही उत्तर दिलं नाही. घरी येईपर्यंत दोघंही गप्प होते. आम्ही दारात पोचलो तेव्हा बाराचे टोल पडत होते, आणि आई उपासाची भगर शिजवायला आत गेली.